पायाशी लावलेला दिवा

१

बुधवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला एक राखाडी गाडी वळणावर वळलीच नाही. ती सरळ रोपवाटिकेच्या काचघरात घुसली, टोमॅटोच्या रोपांचे सहा वाफे तुडवले आणि मागच्या भिंतीला नाक लावून थांबली. काचघराची मालकीण, म्हणजे रोपवाली, दोनच मिनिटांपूर्वी झारी घेऊन रस्त्याकडेच्या कुंड्यांना पाणी घालायला बाहेर आली होती. आयुष्याची दोरी बळकट, दुसरं काय म्हणायचं. उडालेली एक काच तिच्या मनगटाला चाटून गेली, तेवढ्यावर निभावलं.

गाडीतून लोकांनी घड्याळकाकांना बाहेर काढलं. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली म्हणून घड्याळकाका. वय बहात्तर, कपाळाला खोक, बाकी हाडं शाबूत. कुणी पाणी आणलं, कुणी बसायला बादली उपडी घातली. काका बसले, दम खाल्ला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं:

"मी पाय काढला होता. गाडी आपली आपण पळत होती."

स्टिअरिंगशेजारच्या छोट्या दांडीवर एक हिरवा दिवा अजून जळत होता. तो क्रूझ कंट्रोलचा. म्हणजे असं यंत्र, की गाडी हव्या त्या वेगाला आणायची, बटण दाबायचं आणि पाय काढून घ्यायचा. मग वेग यंत्र सांभाळतं आणि ब्रेकला पाय लागला की मुकाट्याने सोडून देतं. काकांच्या गाडीत ते जुनी गाडी म्हणून बाहेरून बसवून घेतलं होतं, आदल्या शुक्रवारीच.

झालं. सहाला पाच कमी असताना ज्याने जन्मात कधी 'सहा वाजले' म्हटलं नाही, तो माणूस कशाला खोटं बोलेल? संध्याकाळपर्यंत जो तो एकच विचारायला लागला, की ते यंत्र बसवलं कुणी.

२

विमा कंपनीने सर्व्हेअरबाईंना पाठवलं. सव्वीस वर्षं मोडक्या गाड्या बघून बाईंचं एक मत पक्कं झालं होतं. गाडी खोटं बोलत नाही, आणि माणूस बोलतो ते बहुधा कशाला तरी घाबरून. त्यांची पाठ धरलेली असायची, त्यामुळे त्या कुठे वाकून बघत नसत, सरळ जमिनीवर बसकण मारत. यंत्र जिथे बसवलं त्या गॅरेजमध्ये गेल्या गेल्या त्यांनी तेच केलं आणि मालकांची पंचाईत झाली, कारण खुर्ची पुसून ठेवली होती.

मालक भला माणूस, पण भेदरलेला. त्याने आल्याआल्याच सांगून टाकलं, की यंत्र आपल्या हाताने बसवलेलं नाही, आपल्याकडच्या वायरिंगवालीने बसवलं आणि तिला कालपासून कुठल्याही गाडीला हात लावायला मनाई केली आहे. सोमवारी बाईंचा अहवाल गेला आणि त्यात 'बसवण्यात दोष' असे शब्द आले, की तिचा परवाना गेलाच. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबून मिळवलेला परवाना होता तो.

वायरिंगवाली कोपऱ्यात उभी होती, दोन्ही हात खिशात. अख्खं गॅरेज तिला 'फ्यूज' म्हणायचं, कारण बोलता बोलता हिचा फ्यूज कधी उडेल नेम नसायचा. गिऱ्हाइकालासुद्धा तोंडावर सुनवायची. आज मात्र तोंडात मिठाची गुळणी.

बाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि शुक्रवारचा दिवस पहिल्यापासून सांगायला लावला. गाडी ऑटोमॅटिक, क्लचची भानगड नाही. दांडी स्टिअरिंगला, डबी डॅशबोर्डखाली, एक वायर ब्रेकच्या दिव्याच्या वायरीला जोडलेली, कारण ब्रेक दाबला हे डबीला तिथूनच कळतं. काम झाल्यावर बाहेरच्या रस्त्याला पाच वेळा यंत्र लावून बघितलं, पाच वेळा ब्रेक दाबला, पाचही वेळा यंत्राने सोडलं. काका शेजारी बसले होते, लहान मुलासारखे खूश.

"मग?" बाई म्हणाल्या.

मग काका निघताना एक भलतंच मागून बसले. म्हणाले, पायाशी, पेडलच्या वर, एक बारका दिवा लावून दे. चष्मा खाली पडला की सापडत नाही. फ्यूजने लावून दिला. पण त्या दिव्याला जागा करायची तर ब्रेकच्या वायरीचा जोड एकदा सोडून पुन्हा घालावा लागला. दारात दुसरी गाडी हॉर्न वाजवत होती, मालक 'आटप आटप' करत होते. ती इथवर सांगून थांबली. मग मालकांना ऐकू जाईल अशा बेताने, पण मान खाली घालून म्हणाली:

"तो जोड पकडीने दाबला की नुसताच खोचला, ते मला आठवत नाही. दोन रात्री आठवतेय मॅडम. खरंच आठवत नाही."

३

दुसरी एखादी 'दाबला, शपथेवर दाबला' म्हणून मोकळी झाली असती. बाईंना त्या पोरीबद्दल तिथेच कळवळा आला, पण कळवळ्यावर अहवाल लिहिता येत नाही. त्या आधी रोपवाटिकेत गेल्या.

रोपवाली मनगटाला पट्टी बांधून काचा वेचत होती. राग तिच्या बोलण्यात नव्हता, वाईट मात्र वाटत होतं, आणि तेही टोमॅटोंपेक्षा काकांबद्दल जास्त. काका रोज दुपारी साडेतीनला या वळणावरून जायचे, एक दिवस खाडा नाही. वळणाच्या पुढे, हाकेच्या अंतरावर, लकव्याच्या रोग्यांचं शुश्रूषागृह आहे. तिथे काकांची बायको होती, वर्षभरापासून. ती कुणाच्याच हातून काही घेत नाही, चारचा चहा तेवढा काकांच्या हातून घेते. हे त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशीचं तिने नीट सांगितलं. एक सायकलवाला अचानक आडवा आला. काकांनी स्टिअरिंग फिरवून त्याला वाचवलं. गाडी तिच्या शेजारून पुढे गेली आणि काचघरात शिरली.

"ब्रेक मारलेला दिसला?"

रोपवालीने विचार केला. ती म्हणाली, सोमवारी नि मंगळवारी वळणावर काकांच्या गाडीचे मागचे लाल दिवे असे लखलखले होते, की तिचे डोळे दिपले. बुधवारी मात्र ती मागूनच बघत होती, आणि लाल काही दिसलं नाही.

बाईंनी रस्ता पायाखाली घातला. टायर घासल्याची एक रेघ नव्हती.

त्या गॅरेजला परतल्या. ब्रेकचा दिवा लागला नाही म्हणजे ती वायर मेलेली असणार, आणि वायर मेली तर तो जोड सुटला असणार. सगळी बोटं फ्यूजकडे वळत होती. त्या मोडक्या गाडीत डॅशबोर्डखाली त्या आडव्या झाल्या, पाठीला दोन शिव्या घातल्या आणि जोड शोधून दोन्ही बाजूंनी ओढला. मग जोर लावून ओढला.

जोड घट्ट होता. पकडीचे दोन दात त्यावर स्वच्छ उमटले होते. दाबला होता पोरीने, हाताला सवय होती म्हणून दाबला होता, डोक्याला नुसतं ठाऊक नव्हतं.

बाई बाहेर येऊन फ्यूजला हाक मारणार तोच त्यांचं लक्ष गाडीच्या मागच्या बाजूला गेलं. मागच्या दिव्यांचे स्क्रू जुने, गंजलेले होते, पण त्यांच्या खाचा ताज्या खरवडलेल्या दिसत होत्या, आतलं पांढरं लोखंड चमकत होतं. यंत्र बसवताना मागचे दिवे उघडावे लागत नाहीत. म्हणजे फ्यूजनंतर या गाडीला आणखी कुणाचा तरी हात लागला होता.

४

घड्याळकाका लेक-जावयाकडे वरच्या मजल्यावर राहत. बाई पोचल्या तेव्हा ते खालीच यायला निघाले होते. जिना उतरताना कठड्याला हात आणि नजर खाली, प्रत्येक पायरीवर पाय टेकलेला बघून मगच दुसरा उचलायचा. वयच आहे, बाईंनी मनाशी म्हटलं. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला होता.

काकांनी त्यांना आपल्या टेबलापाशी बसवलं. टेबलावर भिंग, चिमटे आणि एक उघडं मनगटी घड्याळ. बोलता बोलता त्यांनी तिळाएवढा स्क्रू चिमट्याने उचलून जागेवर बसवला आणि हात जरासुद्धा थरथरला नाही. बाई बघतच राहिल्या.

यंत्राबद्दल त्यांची तक्रार नव्हती, उलट कौतुकच होतं. शनिवारी तर गाडी चढावर अशी चढली, की काटा तसूभर हलला नाही. सोमवारपासून मात्र चढाला जरा दम खायची, उताराला हुंदडायची. काकांनी ते मनावर घेतलं नव्हतं. घड्याळ उघडून साफ केलं की पहिले आठ दिवस मागेपुढे होतंच, मग आपोआप बसतं. हेही यंत्रच, त्यालाही बसायला वेळ द्यायला हवा, असा त्यांचा हिशेब.

बुधवारचं त्यांनी असं सांगितलं. सायकलवाला दिसताच बोटाने बंदचं बटण दाबलं, गाडी थांबेना. मग ब्रेक दाबला, तर गाडी जास्तच उसळली. घाबरून बटण पुन्हा दाबलं, दिवा परत लागला.

"त्या मुलीचं काही वाईट होणार नाही ना?" त्यांनी विचारलं. "ती चांगली आहे हो. पण मी पाय काढला होता हे खरं आहे, ते मी कसं बदलू?"

बाईंना पाणी आणायला काका उठले. बुटात काहीतरी खुळखुळलं. लेकीने 'थांबा बाबा' म्हणून उजवा बूट काढून झटकला, तर आतून सुपारीएवढा काचेचा तुकडा पडला, काचघरातला. मोजा फाटून खाली रक्त सुकलेलं होतं. दोन दिवस त्या तुकड्यावर पाय देऊन काका घरभर फिरत होते. लेक रागावली, काकांनी 'अपघाताच्या धांदलीत लक्ष कुठे जातं' म्हणून विषय बदलला आणि पाय खुर्चीखाली घेतला.

तेवढ्यात जावई आला. बाईंनी त्याला गॅलरीत नेऊन सरळ विचारलं, की मागचे दिवे कुणी उघडले. तो पांढराफटक पडला. महिनाभर या घरात गाडीच्या किल्लीवरून वाद चालला होता, हे लेकीच्या बोलण्यातून बाईंना कळलं होतं. जावई म्हणायचा, बाबांनी गाडी चालवू नये, आणि लेक म्हणायची, मग आईला चहा कोण पाजणार. आता किल्ली मिळत नाही म्हणून सासऱ्याला घाबरवायला कुणी वायरीशी खेळ केला असेल, तर त्याला खेळ म्हणत नाहीत, असं बाईंनी त्याला सुनावलं.

"मी उघडले," जावई म्हणाला. "रविवारी संध्याकाळी. पण तुम्ही समजताय तसं नाही."

५

त्याने केलं होतं ते एवढंच. किल्लीचा वाद तो हरला होता. मग त्याने विचार केला, बाबा चालवणारच असतील तर निदान मागच्यांना तरी दिसोत. जुने बल्ब मिणमिणते होते. त्याने ब्रेकचे तिन्ही दिवे काढून नवे लखलखीत एलईडी घातले. सासऱ्याला सांगितलंसुद्धा नाही, कारण महिनाभर भांडलेल्या तोंडाने प्रेमाचं बोलायचं कसं, हा प्रश्न. जुने बल्ब टाकवेनात म्हणून डिकीत एका मोज्यात बांधून ठेवले होते.

बाईंनी गॅरेजमध्ये जाऊन हे सांगितलं, तेव्हा पहिल्यांदाच फ्यूजचे हात खिशातून बाहेर आले.

"तिन्ही?" ती म्हणाली. "तिन्ही बदलले?"

मालकाने हात लावायला मनाई केली होती, म्हणून ती सांगत गेली आणि बाई करत गेल्या. दुसरी बॅटरी आणून जोडली. डॅशबोर्डखालच्या डबीवर तपासणीचा एक बारीक ठिपका असतो, ब्रेकची वायर ठीक असली की तो पेटतो. ठिपका पेटला नाही. मग मोज्यातला जुना, तारेचा बल्ब एका बाजूला परत बसवला. ठिपका टपकन पेटला. बल्ब काढला, विझला. असं तीनदा केलं.

फ्यूजने समजावलं ते असं. साध्या बल्बमधली बारीक तार म्हणजे डबीच्या दृष्टीने एक उघडी वाट. ब्रेक दाबलेला नसताना त्या वाटेने डबी चाचपून बघते, वायर शाबूत आहे ना. एलईडीमध्ये ती वाट नसते. डबीला वाटतं वायर तुटली, आणि वायर तुटली असेल तर ब्रेक कळणार नाही, म्हणून ती शहाण्यासारखी कामच करत नाही. दांडीवरचा हिरवा दिवा लागतो, पण तो नुसता वीज आल्याचा. यंत्र चालू झालं असा त्याचा अर्थ नाही.

"हे सगळं यंत्राबरोबरच्या कागदात लिहिलंय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पडला. "बल्ब बदलू नका म्हणून मी तोंडाने सांगायला हवं होतं."

बाईंना त्या क्षणी तिच्या चुकीत रस नव्हता. त्या तशाच जमिनीवर बसून राहिल्या. जोड पक्का होता, दोष नव्हता, पोरगी सुटली होती. अहवालाला एवढं पुरेसं होतं. पण सव्वीस वर्षांत त्यांना न सुटलेलं कोडं पाठीपेक्षा जास्त दुखत आलं होतं. रविवारपासून हे यंत्र मेलेलं होतं. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी त्याने गाडीला एक इंचही ओढलं नव्हतं. आणि काका म्हणत होते, मी पाय काढला होता. काका खोटं बोलत नव्हते.

मग तीन दिवस गाडी चालवत कोण होतं?

६

शनिवारी सकाळी बाईंनी काकांना गॅरेजमध्ये बोलावलं. जावई घेऊन आला. बाईंनी त्याला मालकांबरोबर आतल्या खोलीत बसवलं आणि बाहेर फक्त तिघं राहिली. बाई, काका आणि फ्यूज.

काका फ्यूजसमोर अवघडले. 'पोरी, मी काही तुझ्या वाईटावर' असं काहीतरी सुरू केलं, ते पुरं झालं नाही. बाईंनी त्यांना मोडक्या गाडीत, त्यांच्या नेहमीच्या जागी बसवलं. इंजिन बंद. फ्यूजला गाडीच्या मागे उभं केलं आणि पायाशी लावलेला तो बारका दिवा आधी विझवला.

"काका, डोळे मिटा. आता नेहमीसारखा पाय ब्रेकवर ठेवा."

काकांनी डोळे मिटले. उजवा पाय उचलला, सरकवला, ठेवला. चेहऱ्यावर जराही शंका नव्हती.

"ठेवला?"

"ठेवला."

"दाबा. जोरात."

काकांनी दाबला. बाईंनी मान वळवून विचारलं:

"लागला का दिवा?"

मागून फ्यूजचा आवाज आला, अगदी बारीक. "नाही."

"आता डोळे उघडा काका, आणि खाली बघा."

बाईंनी पायाशी दिवा लावला. काकांनी खाली बघितलं. त्यांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता, पार तळापर्यंत दाबलेला.

काकांनी दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय उचलला आणि बाजूला ठेवला.

बाई हळू आवाजात एकेक सांगत गेल्या, उलटतपासणी म्हणून नाही, ओझं उतरवायला मदत करावी तसं. चष्मा दोरीला असतो, तो खाली पडत नाही. तो दिवा चष्म्यासाठी नव्हताच, पाय कुठल्या पेडलवर आहे ते डोळ्यांनी बघण्यासाठी होता. जिन्यावरही नजर पायावरच होती. पायात काच दोन दिवस रुतलेली, पत्ता नाही. शनिवारी यंत्र चालत होतं, तेव्हा गाडी चढावर एकसारखी चढली. सोमवारपासून चढाला दम खायला लागली, कारण आता तिला यंत्र ओढत नव्हतं, तुमचा पाय ओढत होता. तुम्ही बटण दाबलंत, हिरवा दिवा बघितलात, पाय काढला असं तुम्हाला वाटलं. तो तिथेच पडून होता, आणि तुम्हाला कळलं नाही. एरवी वळणाआधी तुम्ही खाली बघून पाय ब्रेकवर नेत होता. बुधवारी सायकलवाला आडवा आला आणि खाली बघायला वेळ मिळाला नाही.

"वर्षभर झालं," काका म्हणाले. "आधी बोटं गेली, मग तळवा. डॉक्टरांना सांगितलं असतं तर गाडी बंद. त्या रस्त्याला बस नाही, लेकीची नोकरी, जावयाची नोकरी. ती दुसऱ्या कुणाच्या हातून घोटभर पाणी घेत नाही हो. मला वाटलं, पायाचं काम यंत्र करेल, मग पाय काय, असला काय नि नसला काय. मी खोटं नाही बोललो."

"नाही. एक गोष्ट तेवढी सांगायची ठेवलीत."

गाडीच्या मागून फ्यूज पुढे आली. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि मनातून तयारी ठेवली, कारण आता हिचा फ्यूज उडाला असता तरी कुणी तिला नाव ठेवलं नसतं. नऊ वर्षांचं काम या म्हाताऱ्याच्या एका वाक्याने पणाला लागलं होतं. बाई एवढंच म्हणाल्या, की यंत्रात दोष नव्हता हे अहवालात येणारच, ते बल्बवरून सिद्ध होतं. पायाचं लिहायचं की नाही, ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही.

तिघांखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं. काकांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, मग खिशातून लायसन्स काढून डॅशबोर्डवर ठेवलं.

"लिहा," ते म्हणाले. "चूक माझ्या पायाची आणि त्याहून जास्त माझ्या तोंडाची. काचघरात ती बाई असती तर? आणि या मुलीला दोन दिवस झोप नाही, ती माझ्यामुळे. तेही लिहा."

फ्यूज दाराशी येऊन काकांच्या हातांकडे बघत होती. मग तिने खिशातून एक छोटा जोड काढला, त्यातला केसाएवढा स्क्रू सैल करून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर दिला. म्हणाली, बसवून दाखवा. काकांनी चष्मा न लावता, नुसत्या बोटांच्या अंदाजाने बसवला.

"हाताला सगळं कळतं ना?" तिने विचारलं.

"हाताला सगळं कळतं."

"मग रडताय कशाला," ती म्हणाली आणि स्वतःच डोळे पुसत आतल्या खोलीत मालकांना गाठायला गेली. आतून तिचा आवाज चढलेला बाईंना ऐकू आला. दोन दिवसांचं साठलेलं सगळं मालकांच्या पदरात पडत होतं, 'आटप आटप'सकट. बाईंना बरं वाटलं.

७

पुढचे तीन महिने काकांना जावईच नेत होता. साहेबाशी भांडून दुपारची सुट्टी पुढे ढकलून घेतली, पण नेलं. सासरा-जावई गाडीत एकमेकांशी बोलायला लागले, हे लेकीला कुणीतरी दुसऱ्याने सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. डॉक्टरांनी पाय तपासले, सांगायचं ते सांगितलं. काकांनी रोपवालीकडे बसून टोमॅटोची नवी रोपं लावून दिली, एकेक रोप मोजून सारख्या अंतरावर.

फ्यूजने या तीन महिन्यांत कागद मिळवले, परवानग्या आणल्या आणि दुसऱ्या एका गाडीत स्टिअरिंगखाली एक दांडा बसवला. दांडा स्वतःकडे ओढला की गाडी पळते, पुढे ढकलला की ब्रेक. पायाचं त्यात काहीच काम नाही. पाय चुकूनही पेडलला लागू नये म्हणून तिने वर पत्र्याची आडकाठी घातली. ज्यांचे पाय साथ देत नाहीत त्यांच्यासाठी अशा गाड्या असतात. त्या चालवायची वेगळी परीक्षा असते, वेगळं लायसन्स. परीक्षा घेणाऱ्याने काकांना दोनदा फिरवलं, तिसऱ्यांदा स्वतःच्या हौसेने फिरवलं.

काका ती गाडी न्यायला आले त्या दिवशी सर्व्हेअरबाईंचा गॅरेजमध्ये येण्याचा काही संबंध नव्हता. पाठीवरचं औषध इथेच जवळ मिळतं, असं त्या म्हणाल्या. मालकाने या खेपेला खुर्ची पुसली नव्हती, एक स्वच्छ पोतं अंथरून ठेवलं होतं. बाई त्यावर बसल्या.

निघण्याआधी फ्यूजने काकांना समोर बसवून दांड्याबरोबर आलेला कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला, जावयालाही उभं करून ऐकवला. संबंध असो नसो, बल्बाला कुणी हात लावायचा नाही, असं बजावलं. मग ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

काकांनी घड्याळ बघितलं. तीन वाजून चार मिनिटं झाली होती, चारच्या चहाला वेळ होता. त्यांनी आपण होऊन डोळे मिटले, हात दांड्यावर ठेवला आणि पुढे ढकलला.

"लागला का?" त्यांनी विचारलं.

"लागला, काका," फ्यूज म्हणाली. "निघा आता, चहा गार होईल."